लांबचे भाऊजी

बसा. त्या स्टुलावर नको हो, त्याचा एक पाय मीच ढिला ठेवलाय, कटकट करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. तुम्ही इकडे खुर्चीवर बसा, पाय वर घ्या. टाच चिकटवली की तिला जरा दम खाऊ द्यावा लागतो. घाई केली तर भर रस्त्यात आ वासते आणि मग तुम्ही लंगडी घालत परत माझ्याच दारात.

बायको कशी आहे विचारलंत ना? झकास आहे. भिंतीला धरून खिडकीपर्यंत जाते आता, दोन्ही वेळा पोटभर जेवते, आणि तोंड तर असं चालतं की आजारपण त्या तोंडाला घाबरूनच पळालं असेल. कालच जाऊन भेटून आलो.

असं काय बघताय? भेटून आलो म्हणजे भेटून आलो. बरं, सांगतो सगळं. टाच वाळेपर्यंत तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?

मी पहिल्यापासून वात्रट. नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट, माझा मेव्हणा पहिल्यांदा घरी आला. कडक इस्त्रीचा माणूस, बहिणीला कसल्या घरात दिलीय ते तपासायला आल्यासारखा. आमच्या पुढच्या दाराशी एक लाकडी फळी आहे, बाहेरून आलेल्याने तिच्यावर जोडे काढायचे. तो आत चहा पीत होता तेवढ्यात मी त्याचे बूट बारीक खिळ्यांनी फळीला ठोकून टाकले. निघताना त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या, ऐटीत "येतो मग" म्हणाला आणि नुसताच पुढे झुकला, वाऱ्यात झाड झुकावं तसा, आणि तसाच राहिला. तो पुढे कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही. पण ही, म्हणजे माझी बायको, तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथे जमिनीवर फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हाच म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार. नंतर मी खिळे पकडीने उपसले, भोकांत काळं मेण भरलं आणि अंगठ्याने दाबून टाकलं. मेणावर अंगठ्याचा ठसा राहतो बघा. ती माझी सवय अजून आहे, तुमच्या टाचेला पण दिसेल.

तेव्हापासून तिला हसवायचे माझे खेळ ठरलेले. स्वयंपाकघरातून पुढे येताना आधी खोकायचं, म्हातारा बोका घसा खाकरतो तसं. चहा ढवळून झाला की चमचा कानामागे दडवायचा, ती शोधायला लागली की नाकातून ओढून काढल्यासारखा काढायचा. रोज तोच खेळ, आणि रोज ती म्हणायची, "लाज नाही वाटत, म्हातारे झालात." आणि रोज हसायची. माझी चाल पण तिला पाठ. डावा गुडघा दुखरा, म्हणून डॉक्टरांनी घरात सुद्धा चप्पल घालायला सांगितलीय, तर मी घरात हिंडलो की आवाज असा यायचा: टप, खर्रर्र. टप, खर्रर्र.

मग तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि नजर अशी धूसर झाली की माणूस समोर आलाय हे दिसायचं पण तोंड कुणाचं ते कळायचं नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, मागे पडदा, पडद्याआड स्वयंपाकघर. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची काय रांग! फळांच्या पिशव्या ठेवायला जागा नाही. पण येणारे तिच्याशी बोलायचेच नाहीत, माझ्याशी बोलायचे. "जेवतात का? झोप लागते का? ओळखतात का?" जणू ती दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन आहे आणि मी तिचा मिस्त्री. ती डोळे मिटून पडायची आणि लोक गेले की म्हणायची, "त्यांना सांगायचं होतंत ना, की ऐकूपण येतं म्हणून."

पुढे येणं कमी झालं. माणूस जात पण नाही आणि उठत पण नाही म्हटल्यावर लोकांनी तरी किती दिवस तोंड पाडून बसायचं? तिच्या शिवणवाल्या मैत्रिणीचे गुडघे गेले, नेहमी येणारे आमच्या गल्लीतले पोस्टमन मुलाकडे परगावी राहायला गेले, शेजारीण खिडकीतूनच विचारायची, मग तेही बंद. आणि पाहुणे बंद झाले तशी हिचं जेवण बंद झालं.

ते का, ते ऐका. तिची एक रीत होती. घरात आलेल्या माणसाला एकट्याला खाऊ द्यायचं नाही. त्याच्या पुढ्यात बशी ठेवली की आपल्याही पुढ्यात ठेवायची आणि त्याच्याबरोबर खायचं, मग भूक असो नसो. नाहीतर त्याला अवघडल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. झटका आल्यावर सुद्धा त्या रीतीपायी चार घास पोटात जायचे. मी म्हटलं, "अगं, मग माझ्याबरोबर खा की, मी नाही का अवघडत?" तर म्हणाली, "तुम्ही घरचे. तुमची कसली आलीय भीड." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलगी आली. ती दुसऱ्या गावी असते, एका ऑफिसात कामाला आहे, आणि आई अशी वाळलेली बघून तिचा जीव वरखाली झाला. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "बाबा, आता आईला मी नेते. आमच्याकडे एक चांगली जागा आहे, नर्सा आहेत, सगळं वेळच्या वेळी."

"आणि मी?"

"तुम्ही रविवारी भेटायला येत जा ना."

"भेटायला? बायकोला भेटायला जायचं? हातात सफरचंदं घेऊन?"

"चेष्टा नको, बाबा. महिनाभर बघते. आईने धड खायला सुरुवात केली तर ठीक, नाहीतर मी गाडी घेऊन येणार."

ती बोलली ते तिच्या जागी बरोबरच होतं. पण मी रात्रभर छताकडे बघत पडलो, आणि सकाळी दुकानात आलो तर समोर ही फळी. बघा, ती वरची, कोपऱ्यातली. लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि कधी न्यायला न आलेले जोडे आहेत ते. त्यात पोस्टमनचे जुने बूट होते. डोक्यात वळवळलंच काहीतरी.

त्या दिवशी चहाच्या वेळी घरी गेलो, मागच्या दाराने बाहेर पडलो, मागच्या लाकडी पायरीवर माझ्या चपला काढल्या, पोस्टमनचे बूट चढवले आणि बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी आलो. पोस्टमनची चाल मला ठाऊक, खांद्यावर ओझं असल्यासारखी, एका अंगावर कललेली. तसाच धाप टाकत पायऱ्या चढलो, फळीवर बूट काढले, दार ढकललं आणि त्यांच्या बसक्या आवाजात म्हटलं, "वहिनी, आज पत्र नाही, नुसतं तोंड घेऊन आलोय."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. म्हटलं, झालं, आता शिव्या खाणार. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, जो हलत होता तो.

"या, बसा," ती म्हणाली. "हे आत आहेत." आणि पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? पोस्टमन आलेत. चहा टाका!"

आता आली का पंचाईत? हे म्हणजे मी, आणि मी तर पुढे बसलेला! मी "आलोच हं वहिनी, हात धुतो" म्हणत पडद्याआड धावलो, चप्पल घातली, बोक्यासारखा खोकलो, माझ्या आवाजात ओरडलो "साखर किती?", चप्पल काढली, पळत पुढे येऊन पोस्टमनच्या आवाजात म्हणालो "दोन चमचे". माझ्या या वयात, या गुडघ्याने! चहा घेऊन मी बसलो, बिस्किटं काढली, आणि तिने हात पुढे केला. "मलाही द्या हो एक. तुम्ही एकटेच कसे खाल."

मग रोजच सुरू झालं. कधी पोस्टमन, कधी शिवणवाल्या बाई, त्यांच्या त्या चट्चट् वाजणाऱ्या सँडल घालून. बाईंचा आवाज काढताना मला इतकं हसू यायचं की रुमाल तोंडात कोंबावा लागायचा. पाहुणा गेला की मी मागून यायचो, टप, खर्रर्र, आणि विचारायचो, "काय गं, कोणी आलं होतं वाटतं?" ती म्हणायची, "आले होते. म्हणत होते, तुमच्या नवऱ्याचं पोट सुटलंय." ओळखलं होतं तिने, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण मी कबूल केलं नाही आणि तिने विचारलं नाही. घास वाढत गेले. सूप, पाव, मग भाजी, मग उकडलेलं अंडं. गालाची हाडं झाकली.

भाऊजी नंतर आले. त्या वरच्या फळीवर तपकिरी बूट होते, जाड तळाचे, कुणाचे ते मला आठवतच नाही, दुकानात कधी आले, कुणी ठेवले, काही नाही. म्हटलं, ओळखीच्याच माणसांचा कंटाळा येईल, एक नवा पाहुणा काढू. बूट चढवले तर असे चावले की चाल आपोआप बदलली, ताठ, जपून जपून, भिडस्त माणसासारखी. आणि तोंडातून आवाज पण तसाच निघाला, हळू. "वहिनी, तुम्ही मला ओळखायच्या नाहीत. मी ह्यांचा भाऊ. लांबचा."

"किती लांबचा?"

"आता काय सांगू, वहिनी. निघालो तेव्हा तरुण होतो."

ती खळखळून हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसली. मग काय, भाऊजी तिचे लाडके. पोस्टमन मागे पडले, शिवणवाल्या बाई मागे पडल्या, रोज भाऊजीच. माझ्या टाचांना फोड आले, पण मी म्हटलं, चावू दे.

तर एक दिवस मी असाच भाऊजी होऊन बसलेला. तिने नेहमीसारखी पडद्याकडे हाक मारली, "अहो, चहा!" आणि मी गुडघ्यावर हात टेकून उठणार, तोच आत कोणी तरी खोकलं. बोक्यासारखं.

मी अर्धा उठलेला तसाच राहिलो. ती आपली शांत. "बसा हो भाऊजी, आणतील ते."

मी आत जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. चहा मात्र शेगडीवर उकळत होता, नेमका गाळायला आलेला. म्हटलं, बाहेर पडताना मीच ठेवला असणार आणि विसरलो, आणि खोकला म्हणजे भांड्यावरचं झाकण वाजलं असेल. वय झालं बाबा. कप भरले, पुढे आणले, विषय संपला.

मग दोन-चार दिवसांनी ती म्हणाली, "सकाळी तुम्ही पाय चोळून दिलात ना, तेव्हापासून बघा, अंगठा हलतोय." अंगठा खरंच हलत होता, आणि मी सकाळी पाय चोळला नव्हता, मी दुकानात होतो, इथे बसून कुणाच्या तरी बुटाची जीभ शिवत होतो. पण मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता ती माझी मस्करी करतेय. इतके दिवस मी तिला फिरवली, आता ती मला फिरवतेय. मला असा अभिमान वाटला! म्हटलं, बाई बरी होतेय. मी पण तोंड गंभीर करून म्हणालो, "उद्या पण चोळतो." आणि दुसऱ्या दिवशी चोळायला बसलो तर म्हणते, "आता पुन्हा कशाला? झालं की मघाशी." पायाला तेल लावलेलं होतं.

मग मुलगी आली, न सांगता, दुपारची. मी दुकानातून घरी गेलो तोवर ती परतीच्या गाडीला निघून गेली होती. संध्याकाळी तिचा फोन. "बाबा, मी आईला नेणार नाही. आज तुमच्याजवळ ती जे हसत होती ना, ते बघितलं आणि ठरवलं. तुम्ही चमचा नाकातून काढलात तेव्हा तिला ठसकाच लागला. तुम्ही आहात तोवर मला काळजी नाही."

आता तुम्ही सांगा, मी काय बोलायला हवं होतं? बेटा, तो मी नव्हतो? मी दुकानात होतो? असं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन दारात. बाबांचंही डोकं गेलं म्हणाली असती आणि आम्हा दोघांना दोन ठिकाणी ठेवलं असतं, वेळच्या वेळी. मी म्हटलं, "हो ना, हसली खरी." आणि फोन ठेवला.

पण एवढ्याने गप्प बसेल तर तो वात्रट कसला! कोणी तरी माझ्या घरात, माझ्या चपला घालून, माझाच खेळ माझ्यावर करतंय, आणि चांगला करतंय! मला तर मजाच वाटायला लागली, खोटं कशाला सांगू. म्हटलं, गड्या, खेळायचंय ना, ये. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून बारीक खिळे नेले आणि चहाच्या वेळेआधी माझ्या दोन्ही चपला मागच्या लाकडी पायरीला ठोकून टाकल्या. चांगल्या मजबूत. आता कसा टप खर्रर्र करतो बघू. झुकेल तिथल्या तिथे, मेव्हण्यासारखा. तपकिरी बूट चढवले आणि हसत हसत बोळातून वळसा घातला.

पुढच्या दाराशी आलो, बूट काढले, आणि आतून ऐकू आलं.

टप, खर्रर्र. टप, खर्रर्र.

दार ढकललं. ती उशीला टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले, पुढ्यात ताटली. आत फोडणी पडली तसा वास आला.

"या भाऊजी," ती म्हणाली. "चांगल्या वेळेला आलात. हे भाजी करतायत."

मी खुर्चीवर बसलो. पाहुण्याच्या खुर्चीवर. तीच हळूच पुढे झुकली आणि गुपित सांगावं तशी म्हणाली, "तुम्हाला एक गंमत सांगते, पण ह्यांना बोलू नका. मध्ये ना, कोणी यायचं बंद झालं होतं, तर हेच पाहुणे होऊन यायचे. दुसऱ्यांचे जोडे घालून. मला कळायचं हो सगळं, पण म्हटलं, खेळू दे."

"आणि आता?" मी विचारलं. "आता नाही होत पाहुणे?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तुम्ही येता की."

पडद्याआड खोकला आला. ती म्हणाली, "तेवढा चहा घेता का त्यांच्या हातून? भाजी करपायची नाहीतर."

पडद्याच्या कडेतून एक हात पुढे आला, कप धरलेला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मी दुमडतो तशी. अंगठ्याला काळं मेण लागलेलं. मी उठलो आणि कप घेतला. बोटाला बोट लागलं. गरम होतं हो, चांगलं, काम केलेल्या माणसाचं असतं तसं.

तुम्ही म्हणाल, पडदा का नाही ओढला? पडदा माझ्या हातापासून एवढ्यावर होता. पण मी वळून बघितलं, तर तिने घास उचलला होता आणि तोंडाजवळ नेऊन थांबली होती, मी बसतो का ते बघत. पाहुणा खायला लागल्याशिवाय ती खाणार कशी? आता पडदा ओढला असता तर तो घास ताटात परत गेला असता. आणि मग दारात मुलीची गाडी आलीच म्हणून समजा. मी खुर्चीवर येऊन बसलो. चहा प्यालो. साखर बरोबर होती.

निघालो ते बोळातून मागे गेलो. मागच्या पायरीवर चपला नव्हत्या. खिळे उपसून एका बाजूला नीट रचून ठेवले होते, आणि पायरीतल्या प्रत्येक भोकात काळं मेण भरून अंगठ्याने दाबलं होतं. मी खाली बसलो आणि त्यातल्या एका ठशावर माझा अंगठा ठेवून बघितला. बसला.

दार किलकिलं होतं. आत शिरणारच होतो मी. तेवढ्यात ती आतून हसली, पहिल्यासारखी, लग्न झालं तेव्हा जमिनीवर बसून हसली होती तशी, श्वास लागेपर्यंत, आणि मध्येच म्हणाली, "लाज नाही वाटत, म्हातारे झालात." चमचा सापडला असणार. मी पायरीवर बसून ते हसणं शेवटपर्यंत ऐकलं आणि इकडे दुकानात आलो. एकाच घरात दोन माणसं कानामागे चमचे दडवायला लागली तर कुणाचा तरी खेळ फसणार, आणि त्यात तिचं हसू जाणार.

नाही, मी एकदा करून बघितलं, तसा मी गप्प बसणारा नाही. दुसऱ्याच दिवशी आत गेलो आणि सरळ माझ्या आवाजात म्हटलं, "अगं, मी आहे."

ती हसली. "अगदी ह्यांच्यासारखा काढलात, भाऊजी. पण ह्यांचा खोकला नाही जमायचा तुम्हाला."

मी खोकून दाखवलं.

"जवळपास आलात," ती म्हणाली. मी पलंगाच्या कडेवर बसलो, तिचा हात धरला, पुन्हा म्हटलं, "अगं, खरंच मीच." तसा तिचा चेहरा उतरला, तिने हात सोडवून घेतला आणि ताटली बाजूला सारली. "असं नका ना करू, भाऊजी. भीती वाटते मला." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं, त्या वाईट दिवसांत फिरवायची तसं. माझा जीवच गेला. मी लगेच उठून खुर्चीवर आलो, आवाज हळू केला आणि म्हटलं, "चुकलो वहिनी, चेष्टा केली. लांबचा आहे ना, मला घरच्या रीती ठाऊक नाहीत." हळूहळू वळली. बिस्कीट घेतलं. मी पण घेतलं.

तेव्हापासून मी इथेच असतो. मागे खाट टाकलीय, शेगडी आहे, काही कमी नाही. रोज चहाच्या वेळी जाऊन येतो. तिची तब्येत तर बघतच राहावं अशी. परवा मुलगी होती घरी, तिनेच दार उघडलं, चांगलं तोंडभरून हसली आणि म्हणाली, "या काका, बाबा आत आहेत. तुमच्याबद्दल आई सारखी सांगत असते, तुम्ही आल्यापासून तिच्या जिवात जीव आला म्हणून." चहा झाला, बसलो, गप्पा झाल्या, आणि मला राहवेना. मी हळूच चमचा कानामागे दडवला. म्हटलं, हिला लहानपणी ह्याच चमच्याने भरवलीय, बघू तरी. मुलीने टाळी वाजवली. "अय्या काका, हे तर आमचे बाबा करतात!"

पडद्याआडून हसल्याचा आवाज आला. चांगला मोकळा हसला, चिडला वगैरे नाही. आवडलं मला. मीही तसाच हसलो असतो.

चला, बसली तुमची टाच. घाला, चालून दाखवा. बघा, कुठे हलतेय का? माझी पण निघायची वेळ झाली, पाणी ठेवलं असेल त्याने. ते जरा पुढे सरकवता का, ते बाकाखालचे? हो, तेच, तपकिरी. जाड दिसतात, पण मऊ झालेत. पहिल्यांदा फार चावायचे हो. आता अजिबात नाही चावत.